दीड तासाने चहा

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये वडापाव खात होते. आणि खरं सांगते, पहिल्यांदा मी तो वडापाव झाकला! वाटलं, आता ही फोनमधूनच विचारणार, "यात हिरवं काय आहे गं?" मग डोक्यात शिरलं की ती आता कधीच काही विचारणार नाही… आणि तिथेच रडू फुटलं. सकाळी अंगणवाडीत जायला निघता निघता तिला हृदयविकाराचा झटका आला होता. त्याला आता सहा आठवडे झाले.

सुलभाआत्या, माझ्या बाबांची मोठी बहीण. नागावजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी चालवायची. मी पाचवीत असताना डब्यात जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीची, चटणी असली की पोरं नाक दाबायची, मग मी डबा तसाच परत आणायचे. आत्याने एक सुका जवळा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "एवढासा आहे, पण याला आपण कवचासकट खातो. त्यातलं कॅल्शियम थेट तुझ्या हाडांना. पापलेटचा काटा खातेस का कधी?" दुसऱ्या दिवशी मी वर्गात यावर लेक्चरच ठोकलं! गावातल्या बायका मात्र तिला बघून रस्ता बदलायच्या, कारण ती "जेवलीस का" वर थांबायचीच नाही, "काय काय जेवलीस" ते सगळं वदवून घ्यायची.

गेल्या वर्षी माझ्या ताईला सातवा महिना लागला आणि तिचं हिमोग्लोबिन सातच्या वर जाईना. गोळ्या चालू, पालेभाजी चालू, तरी दोन पायऱ्या चढली की धाप. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर बाळंतपणात जिवाला धोका आहे. आम्ही सगळे घाबरलो. आत्या ताईच्या सासरी गेली, मलाही नेलं, आणि सकाळपासून स्वयंपाकघरात नुसती बसून राहिली. कधी नव्हे ते गप्प!

दुपारी ताई जेवली, तिने लोहाची गोळी घेतली, आणि लगेच सासूबाईंनी तिच्या हातात दुधाचा चहा दिला. रोजचंच होतं ते. "गोलीनं तोंड कडू व्हतं पोरीचं," त्या म्हणाल्या.

आत्या हळूच म्हणाली, "विहीणबाई, रेवसच्या धक्क्यावर माणसं उभी आणि लाँचच नाही, असं झालंय हिचं. श्वासातली हवा अंगभर न्यायला रक्तात लोह लागतं. तेच कमी पडतंय."

"गोल्या तं रोज खातेय. मग लाँच बुडतान कुठं?"

"चहात."

सासूबाई भडकल्याच! "म्हंजे? मी काय सुनेला इख पाजतंय?"

ताई रडायच्या बेतात. मला वाटलं, झालं, आता नातं तुटतंय. पण आत्याने तो कप स्वतःकडे ओढला, एक घोट घेतला. "विष कसलं हो, माया पाजताय. पण चहा मागोमाग गेला की तो लोहाला धरून ठेवतो, अंगाला लागू देत नाही. चहा तुमच्याच हातचा द्या. फक्त दीड तासाने. आणि गोळीबरोबर लिंबू द्या, लिंबाने लोह चांगलं भिनतं."

दुसऱ्या दिवसापासून चहाचा डबा सासूबाईंनी स्वतःच्या ताब्यात घेतला. गोळ्या त्याच, जेवण तेच… आणि आकडा चढायला लागला! ताईला मुलगी झाली, दोघी सुखरूप. बारशाला आत्या मिरवत होती नुसती.

परवा ताईकडे गेले होते. शेजारची पोटुशी सून येऊन बसली होती, चहाची वाट बघत. सासूबाईंनी तिला विचारलं, "गोली कवा घेतलीस?"

"आत्ताच, जेवून."

"मग न्हाय भेटनार."

"काय ओ आजी, घरी आलेल्याला चहा पन न्हाय?"

"न्हाय म्हंजे न्हाय. आत्याबाय आल्या तं माज्यावर वरडतील."

बोलून गेल्या आणि हात तसाच थांबला, डब्याच्या झाकणावर… त्यांनी झाकण घट्ट लावलं, डबा वरच्या फळीवर ठेवला, आणि आमच्यात येऊन बसल्या.

त्या दिवशी आम्ही चौघींनीही दीड तास चहा घेतला नाही.