पाखरांना फेरा कळतो

हेल्मेटवर हेल्मेट आपटलं की सुक्या नारळावर नारळ आपटल्यासारखा आवाज येतो. मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत, पायांवर गोधडी घेऊन मी बसलेली असते, आणि तो आवाज माझ्या कानांच्या आधी दातांना कळतो. ऑक्टोबरच्या वाऱ्यात नदीचा गारठा असतो, कुणाच्या तरी थर्मासमधल्या कॉफीचा वास असतो, मेपलची लाल पानं खुर्च्यांखाली लोळत असतात. इतकं सगळं सुंदर, आणि त्याच्या मधोमध माझा नातू तन्मय चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत घुसतो. मग ढीग. ढिगातून एकेक पोरगा उठत जातो आणि मी बावीस नंबर शोधत राहते. तो उठेपर्यंत माझा श्वास माझा नसतो.

इथलं फुटबॉल पायाने खेळत नाहीत, हे समजायलाच या देशात आल्यावर माझा एक हिवाळा गेला. चेंडू हातात घेऊन पुढे सरकायचं, समोरच्यांनी पाडायचं. तीन वेळांत, इथल्या भाषेत तीन डाउनमध्ये, दहा वार पुढे गेलं तर पुन्हा तीन संधी, नाहीतर चेंडू त्यांचा. दहा वार म्हणजे माझ्या आईच्या लुगड्याहून एक वार जास्त. तेवढ्या जमिनीसाठी गेल्या वर्षी तन्मयचा खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवला, व्यायाम दिले, आणि पुन्हा निखळला तर ऑपरेशन, असं बजावून ठेवलं. तेव्हापासून प्रत्येक मॅच माझ्या छातीत दोन दिवस आधीच सुरू होते.

गेल्या आठवड्यात मी शेंगा सोलत बसले होते. तन्मयने ताटातले दाणे ओढून घेतले आणि दोन रांगा मांडल्या.

"आजी, हे आम्ही, हे ते. फर्स्ट डाउनला कोच मलाच बॉल देतात, राइट साइडला. एव्हरी टाइम. आधी ते लोक असे पसरून उभे राहायचे. मग त्यांनी आमचे व्हिडिओ बघितले. आता बघ." त्याने मागचे दाणे उचलून पुढे, उजव्या अंगाला दाटीने ठेवले. "मी निघायच्या आधीच ते तिथे असतात."

"मग सांग की कोचला."

"कोचला कोण सांगणार? यू डोन्ट टेल कोच, आजी." असं म्हणून त्याने समोरच्या संघातले दोघे तोंडात टाकले.

लाजरेपणा रक्तातून उतरतो का? शेजारणीला गुड मॉर्निंग म्हणायचं तरी मी आधी मनात दोनदा म्हणून बघते. या पोराच्या अंगात रेड्याचं बळ आणि गळ्यात माझा आवाज.

ते दाटीने ठेवलेले दाणे बघून मला ज्वारीचं रान आठवलं. चौथी झाली, शाळा सुटली, आणि कणसं दाण्याला आली की मला राखणीला बसवायचे. मी गोफण घेऊन फिरायची. आधी विहिरीकडे, मग बाभळीकडे, मग ओढ्याच्या अंगाला. पहिले काही दिवस पाखरं माझ्या आवाजाने उठायची. मग मी विहिरीशी असले की ती ओढ्याशी निवांत टिपत बसू लागली, आणि मी ओढ्याशी पोचायच्या आत उडून विहिरीवर यायची. भीती मोडली होती, माझी चाल पाठ झाली होती. वडील म्हणाले, "पोरी, पाखरांना तुझा फेरा कळला. उलटी फिर." मी उलटी फिरले, पाखरं फसली. तेव्हा वडील हसून म्हणाले, "चार दिवस. मग तेही शिकतील."

आणि माझा आजचा फेरा? मॅचच्या दिवशी तन्मयच्या तळहातावर दही-साखर, मग खांद्याला कोमट तेल, मग तेच वाक्य: आज राहू दे ना रे. सूनबाई प्राची स्टोव्हपाशी उभी राहून म्हणते, "आई, दही झालं, तेल झालं, आता 'राहू दे' यायचंय." सगळे हसतात, मीही हसते. माझं वाक्य ओठांवर यायच्या आत त्याच्या बुटांच्या नाड्या बांधून झालेल्या असतात. रोज बोललेली काळजी घरातल्या फ्रिजच्या आवाजासारखी होते. ती असते, ऐकू कुणालाच येत नाही.

त्या शुक्रवारी दही दिलं, तेल लावलं. दोघं वाट बघत होती. मी म्हटलं, "कोचला काय सांगशील, ते मला म्हणून दाखव."

तन्मय एकच बूट घालून उभा राहिला. "व्हॉट?"

"म्हण. पाखरांना फेरा कळलाय तुमचा."

तो इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. मला अर्धंमुर्धं कळलं. मी म्हटलं, "मोठ्याने. मी बहिरी आहे असं समज." पुन्हा म्हणाला. मग पुन्हा. शेवटी आवाज गळ्यातून नाही, पोटातून आला. प्राची हातातला झारा खाली ठेवायचंही विसरली होती.

त्या दुपारी अर्धी मॅच झाल्यावर मी लांबून पाहिलं. तन्मय कोचसमोर उभा होता, हातवारे करत होता, आणि तो उंच माणूस मान वाकवून ऐकत होता. मला वाटलं, माझं काम झालं. आता याच्या अंगावर भिंत कोसळणार नाही.

खेळ पुन्हा सुरू झाला. पहिलाच डाउन. समोरचे उजव्या अंगाला दाटले, अगदी ताटातल्या दाण्यांसारखे. तन्मय पोटाशी हात घेऊन वाकला आणि त्यांच्यात घुसला. नारळ आपटला.

"आई, बॉल बघा, बॉल!" प्राची माझा खांदा हलवत होती. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून डावीकडे गेला होता आणि तिथे एक पोरगा एकटाच पळत सुटला होता. लोक उठून उभे राहिले, कुणी सोबत आणलेली घंटा वाजवली.

मी ढिगाकडे बघत होते. चेंडू तन्मयकडे नव्हताच, पण हे त्याच्यावर पडणाऱ्यांना कुठे माहीत होतं? ते त्याच्यावर पडले म्हणून तर युक्ती साधली. शेंगदाण्यांना खांदे नसतात, हे ताटाशी बसून माझ्या कसं लक्षात आलं नाही?

तो उठला. सावकाश. हात एकदा गोल फिरवून पाहिला.

गाडीत त्याच्या तोंडाला खळ नव्हता. "आजी, इट वर्क्ड. पण नेक्स्ट वीक ते हे पण बघतील."

"मग रे?"

"मग दुसरं काहीतरी. मी कोचला ऑलरेडी सांगितलंय."

खिडकीतून नदी दिसत होती, पलीकडे, सीमेपार, डेट्रॉइटचे दिवे लागत होते. ज्या आवाजासाठी मी त्याला तीनदा बोलायला लावलं तो आवाज आता त्याचा झाला होता, आणि तो त्याला कुठे कुठे घेऊन जाईल यावर माझा ताबा नव्हता. याचा आनंद मानायचा की धास्ती घ्यायची? माझ्यात दोन्ही एकाच गोधडीखाली बसतात.

आज पुन्हा शुक्रवार. दही दिलं, तेल लावलं, आणि दोघं माझ्या तोंडाकडे बघू लागली, या वेळी न हसता. मी खाली बसून त्याचे बूट पुढे ओढले. नाड्या मीच बांधल्या.

आता मैदानावर वारा तसाच आहे, पानं तशीच. आवाज येतो. सगळे चेंडू शोधतात. मी बावीस नंबर शोधते.