आठ विटा आणि मी

कुणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. मुलीच्या खो-खोच्या मॅडम तर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी मैदानात कापडी पट्ट्यांची शिडी अंथरली आणि टाच न टेकवता तिच्या एकेका घरातून पोरींना पळायला लावलं. मी कडेच्या बाकावरून म्हणालो, "जमिनीवर शिडी टाकून चढणार कुठे?" दोन-चार पालक हसले. माझी मुलगी काही हसली नाही.

माझं गाव घोटीजवळ. तिथल्या संघात पाठलाग म्हटलं की माझंच नाव निघायचं. वेग वाढवायचा तर नाशिकला येऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, उतरा, पुन्हा चढा, एवढंच शास्त्र मला ठाऊक. मॅडम म्हणायच्या, पायऱ्यांनी दम वाढेल, चपळाई नाही येणार. दहा मीटर जीव तोडून पळायचं आणि मग श्वास जागेवर येईपर्यंत नुसतं चालायचं. दमलेल्या पायांना वेग शिकवता येत नाही. मला हे सगळे लाड वाटायचे.

त्यावर उतारा म्हणून मी घरचा सराव सुरू केला. सिडकोत आमच्या घरामागे मोकळा प्लॉट आहे. तिथे बसलेल्या खेळाडूंच्या जागी एका ओळीत आठ विटा मांडल्या, दोन्ही टोकांना पाइप ठोकले. ती विटांमधून नागमोडी पळायची, मी तिच्या मागे. रोज तिन्हीसांजेला तीन डाव व्हायचे, आणि तीनपैकी दोनदा मी तिला पकडायचोच.

आता हे मी कोण, तर दोन वर्षांपूर्वी गाडी घसरून गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. कंपनीने मशीनवरून उचलून स्टोअरमध्ये टेबलाशी बसवलं, तेव्हापासून घरात कुणाशी धड बोलत नव्हतो. तो माणूस पंधरा वर्षांच्या पोरीला रोज पकडतो, आणि त्याला यात काही विचित्र वाटत नाही! उलट कंपनीत सांगत सुटलो होतो. बायको म्हणायची, "जपून पळा, लय उड्या मारू नका." मी म्हणायचो, जुनं हाड आहे.

मग जिल्हा संघाची निवड चाचणी आली. पुढच्या वर्षी मुलीचा वयोगट बदलणार होता, म्हणजे या संघात जायची ही शेवटचीच संधी. दोन्ही डावांत ती काही सेकंदांतच बाद झाली. दोन्ही वेळा वळतानाच. मैदानाबाहेर येऊन बुटांच्या नाड्या सोडत बसली, वर बघेना. मला ते बघवलं नाही, म्हणून मी तडक मॅडमशी भांडायला गेलो.

"तुमच्या त्या शिडीने पोरीचे पाय अडकायला लागले!"

मॅडमनी शांतपणे मोबाइलवरचं शूटिंग दाखवलं. "हे बघा. वळताना डावा पाय क्षणभर थांबतो. पाय कमजोर नाही तिचा. ती मागच्याची वाट बघते." मग त्यांनी विचारलं, "घरी कुणी पळतं का हिच्या मागे?"

"मी पळतो की!" मी छाती काढून म्हणालो.

मॅडमनी मोबाइल बंद केला. मग म्हणाल्या, "काका, रोज जे करतो ना, तेच अंगात बसतं. मुद्दाम केलेलंसुद्धा. एक जागा अजून रिकामी आहे, रविवारी हिच्यासह चौघींना परत बघणार आहेत. हे माझ्याने सुटायचं नाही, तुम्हीच सोडवा."

रात्री जेवताना मी मुलीला सरळ विचारलं, तू मुद्दाम माझ्या हाती लागतेस का? ती आमटीत बोट फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, "पप्पा, पकडलं की तुम्ही हसायचात. नाहीतर दिवसभर हसायचाच नाहीत."

मी बायकोकडे पाहिलं. "मला पहिल्या महिन्यातच कळलं व्हतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही नीट जेवायला लागला व्हता ना."

 गेलं वर्षभर मी पोरीला एकच गोष्ट शिकवली होती: माझ्या हाती लागायचं. आणि ती शहाणी पोर ते मन लावून शिकली होती.

निकाल आधीच सांगून टाकतो, माझ्या पोटात काही राहत नाही. रविवारी तिची निवड झाली. पण मला सांगायचं आहे ते आदल्या संध्याकाळचं.

त्याआधी तीन दिवस आम्ही प्लॉटवर उतरत होतो आणि तीनही दिवस वळताना तिचा पाय थांबत होता. मी ओरडायचो, "थांबलीस!" ती म्हणायची, "मुद्दाम नाही पप्पा, होतंय तसं." शनिवारी मी तिला म्हणालो, "आज मी खरा पळणार आहे. माझं काय व्हायचं ते होऊ दे. तू मागे बघू नकोस."

पहिल्या डावात हात लागला नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात मी पाइपाजवळ जीव खाऊन सूर मारला आणि तोंडावर आपटलो. गुडघ्यातून कळ गेली. तिची पावलं थांबलेली ऐकू आली. ती परत माझ्याकडे येत होती.

"येऊ नकोस!" मी जमिनीवरूनच ओरडलो. "डाव चालू आहे, पळ!"

ती उभी राहिली. रडत होती. मी तसाच उठलो, लंगडत तिच्यावर धावून गेलो आणि हात पुढे टाकला. तिने उजवीकडे झुकून हुलकावणी दिली, डावा पाय टेकवून गर्रकन वळली आणि माझ्या बोटांपुढून निघून गेली. शेवटच्या विटेपर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही. मी मातीत बसून हसत होतो, आणि या खेपेला मी तिला पकडलं नव्हतं.