हिवाळी इव्हेंटची विसावी खेप बाबांनी लावली

ट्रकवाल्या मंडळींनो, केम छो? आज सकाळी समा भागातल्या आमच्या घरात जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं या महिन्याचं टार्गेट तुम्हाला माहीत आहेच. ट्रक सिम्युलेटर गेमच्या हिवाळी इव्हेंटमध्ये वीस खेपा, एकही ओरखडा न पाडता. एकोणीस झाल्या, पण ट्रेलर मागे घेऊन लावायची वेळ आली की मी दरवेळी ‘स्किप’ दाबायचे. विसाव्या खेपेला ते बटणच नव्हतं! मी ट्रक तिथेच उभा केला.

सासरे मागे चहा पीत होते. त्यांनी तीस वर्षं खरा ट्रेलर चालवलाय. गुडघे गेल्यापासून घरीच असतात. म्हणाले, "सरक, मी बघतो."

बसताच टेबलावरच्या गेमच्या स्टिअरिंगला नमस्कार केला. "आधी गाणी बंद कर. मागून कोणी ओरडलं तर ऐकू यायला हवं."

मग नुसत्या आरशात बघत ते एवढं मोठं धूड त्यांनी बर्फातून सरळ गोदामाच्या दाराशी आणलं. मी श्वास रोखून बघत होते.

दोन हात उरले असताना त्यांनी हँडब्रेक ओढला आणि गुडघे सांभाळत खुर्चीतून उठले.

"बाबा, कुठे?"

"मागे बघून येतो. कोणी झोपलंबिपलं असेल."

दोन पावलांनी लक्षात आलं. लाजून हसले, परत बसले, ट्रेलर अलगद टेकवला.

टार्गेट पूर्ण झालं. पण मी अजून त्या रिकाम्या खुर्चीकडेच बघतेय.

खरं सांगा, गाडी मागे घेताना तुमच्यापैकी कोण खाली उतरून बघतं? मी तरी आजवर एकदाही नाही.