तेलाच्या वाटेचं बूच

ट्रकच्या इंजिनाचा ब्लॉक धुऊन झाला की त्याच्या पोटातून गेलेल्या तेलाच्या वाटेत मी हवा सोडते. पलीकडून स्वच्छ शीळ आली की वाटेच्या दोन्ही टोकांना बुचं बसवायची. काल शेवटचं बूच पान्याने आवळत होते, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, नातवंडं झाली तुला. उद्यापासून गॅरेजला येऊ नकोस. लोक हसतात मला."

मला माझ्यातली नवी नवरी आठवली. सासूबाईंनी असंच माझं गॅरेजला जाणं बंद केलं, तेव्हा ही रडूबाई उशीत तोंड खुपसून पडली होती. जेवायची वेळ मात्र चुकवली नाही हो! तिला वाटलं, वाट बुजवली की सगळं थांबलं. वेडी कुठली! टोकं उघडी असली तर तेल नुसतं सांडून जातं. बंद केली की ते जोर धरतं आणि थेट फिरत्या दांड्याच्या बेअरिंगपर्यंत चढतं.

"ऐकतेयस ना?" मुलाने विचारलं.

"ऐकलं की," म्हणत मी पाना शेवटचा फिरवला. "उद्या क्रँकचा दांडा बसवायचाय, लवकर ये. आणि त्या हसणाऱ्यांनाही घेऊन ये. जड असतो, धरायला हात लागतात."