दुसरी सीट कोणासाठी

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मोठे मोठे गुन्हे विसरलो, पण वरोऱ्यातली ती छोटी लाल गाडी काही डोक्यातून जात नाही.

गाडी एका निवृत्त परिचारिका बाईंची. दोनच माणसं बसतील अशी, बुटकी, उघड्या टपाची, गोल दिव्यांची. दिसायला इंग्रजांच्या काळातली, पण होती अलीकडची. आत साध्या छोट्या मोटारीचं इंजिन आणि वर फायबरची बॉडी. बनवणारी कंपनी थोड्याच गाड्या काढून बंद पडलेली. बाईंचे यजमान कोळसा खाणीत इंजिनियर होते. त्यांनी ती हौसेने जुनी विकत घेतली आणि वर्षभरात ते गेले. बाईंनी कागदपत्रं स्वतःच्या नावावर करून घेतली, साठीनंतर गाडी शिकल्या आणि दर रविवारी डोक्याला रुमाल बांधून एकट्या फिरायला निघू लागल्या.

एका दुपारी त्या ठाण्यात आल्या. लग्नाला नागपूरला गेल्या होत्या, परतल्या तर गॅरेज रिकामं. फिर्याद नोंदवली, घटनास्थळाचा पंचनामा केला. कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्लीने उघडून पुन्हा लावलेलं होतं.

शेजाऱ्यांचे जबाब घ्यायला बसलो, तर काय पाहिलं असं विचारलं की माणसं गाडीबद्दलचं मत सांगत.

"साहेब, ते गाडी नाई, खेळणं होतं," एक किराणा दुकानदार म्हणाला.

त्याचा भाऊ म्हणाला, "पावसात वरचा कापडी टप गळते, गतिरोधकावर पोट घासते. अशी गाडी ठेवाची काऊन?"

एका निवृत्त गुरुजींनी आवाज खाली आणला. "नवरा गेल्यावर बाईमाणसानं लाल गाडीत फिरावं का? तुम्हीच सांगा."

"गाडी कोणी नेली तेवढं सांगा," मी म्हणालो. तेवढं कोणालाच माहीत नव्हतं.

खबर मिळाली चिमूर रस्त्यावरच्या एका चहावाल्याकडून. ताडपत्री टाकलेला पिकअप त्याच्या दुकानासमोर थांबला होता आणि ताडपत्रीखालून लाल मडगार्ड दिसत होतं. चालकाशेजारी कोण होतं, हे सांगताना तो जरा घुटमळला. "बाईचा पोरगाच होता साहेब."

मुलगा चाळिशीचा, चंद्रपूरला सरकारी नोकरीत. चौकशीला इस्त्रीचा शर्ट घालून आला. "चहावाल्याचं काय ऐकता साहेब? मी त्या डब्याले हातबी नाई लावला."

चोरीवर मी वाद घातला नाही. गाडी कशी होती, तेच विचारत राहिलो. खोटं बोलताना माणूस सावध असतो, मत देताना नसतो. त्याची जीभ सुटली.

"कसली स्पोर्ट्स कार? वरून रुबाब, आत काईच नाई. लोखंडाची असती तर वाकली असती. हे तर हातोडा मारला का मडक्यासारखं फुटते."

लिहिणाऱ्या हवालदाराने मान वर केली.

"कधी मारला हातोडा?" मी विचारलं.

त्याने शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाला, "ऑफिसात लोक विचारत, तुही माय कोणासंगं फिरते? दुसरी सीट कोणासाठी हाये? किती दिवस ऐकू मी?"

पंचांसमक्ष निवेदन घेतलं आणि त्याने दाखवलेल्या जागी गेलो. जंगलाच्या कडेला बंद पडलेली दगडाची खाण होती. तिथे लाल फायबरचे तुकडे आणि जळालेल्या सीटा पडल्या होत्या. इंजिन पिकअपवाल्याने नेलं होतं.

बाईंना ठाण्यात बोलावून मीच सांगितलं. त्या रडल्या नाहीत. "दुसऱ्या सीटवर आमच्या ह्यांची टोपी ठेवत होती मी," त्या म्हणाल्या. "तेबी जाळली का?"

मी हो म्हणालो.

नातेवाईक तक्रार मागे घ्या म्हणत ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन बसले. बाईंनी त्यांच्यासमोर मला सांगितलं, "पोराचं नाव लिवा साहेब. चोरी झाली हाये."

आम्ही दोषारोपपत्र दाखल केलं. सुनावणीत दोन्ही पंच फितूर झाले. पिकअपवाला साफ उलटला. चहावाल्याने सांगितलं की उन्हामुळे नीट दिसलं नव्हतं. बाई तेवढ्या शेवटपर्यंत ठाम राहिल्या. मुलगा निर्दोष सुटला, आणि एका डब्यापायी मायनं पोराले कोर्टात उभं केलं, असं गावभर झालं.

निकालानंतर बाई कोर्टाच्या पायऱ्यांवर एकट्याच बसल्या होत्या. मी जवळ गेलो. म्हणालो, "बाई, गाडी चांगली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बसले होते का तुम्ही तिच्यात?"

"नाही."

"कोणीच नाई बसलं," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून चालू लागल्या.

पुढे हाताखालच्या नव्या अंमलदारांना जबाब घ्यायला शिकवताना मी सांगत आलो, माणसाने काय पाहिलं ते लिहा, त्याला काय वाटतं ते सोडा. नियम म्हणून ते बरोबरच आहे. पण त्या प्रकरणात लोकांनी पाहिलेलं कोर्टात टिकलं नाही, आणि त्यांना वाटलेलं गावात अजून टिकून आहे.