तिसरी ओढ

आम्ही भोई. आजोबा नांदेडकडून जाळे घेऊन हैदराबादेत आले. आज गौलीगुड्यातल्या आमच्या घरांतून कोणी बस चालवतो, कोणी आबिड्सला कापड विकतो. मी कचेरीत आयुष्य काढले. मासेमारी वर्षातून एक दिवस उरली आहे. मृगाच्या दिवशी शहराबाहेरच्या तलावात ओढजाळे लावायचे आणि सापडतील ते झिंगे न विकता घरोघरी वाटायचे. जाळ्याची पुढची दोरी धरण्याचा मान आमच्या घराचा. मात्र लागोपाठ तीन ओढी रिकाम्या गेल्या, तर तो मान पुढच्या घराकडे जातो. आजोबांपासून तो गेला नव्हता.

गेल्या मृगाला पहिल्या दोन ओढींत फक्त शेवाळ आले.

पुढचे घर माझ्या मामेभावाचे. तो जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथून सर्वांना ऐकू जाईल असा ओरडला, “दादा, दोरी ओढताय, का तिला धरून उभे आहात?”

माणसे हसली.

“थकला असाल तर द्या इकडं. शरमाओ नक्को!”

मी खाली वाकलो. जाळे पाहिले. खालच्या दोरीतले शिशाचे मणी स्वच्छ होते. झिंगा चिखलात बसतो. मण्यांना चिखल नाही, याचा अर्थ जाळे त्याच्या डोक्यावरून गेले. मग सर्वांच्या पायांकडे पाहिले. हल्ली तळाशी काचा असतात, म्हणून सुनेने सुलतान बाजारातून सर्वांसाठी रबरी बूट आणले होते. वडील प्रत्येक पावलाला खालची दोरी पायाच्या बोटांनी चिखलात दाबत. बुटात बोटांना दोरी लागत नाही. हे मला पहिल्या ओढीलाच कळायला हवे होते. बूट माझ्याही पायांत होते.

“बूट काढा.”

“मामा, काचा आहेत,” बस चालवणारा भाचा म्हणाला.

“ठाऊक आहे.”

मी माझे आधी काढले.

तिसरी ओढ सावकाश घेतली. एक पाऊल, दोरी दाबायची, मग दुसरे. अर्ध्या तलावात जाळे जड झाले. मामेभावाची बडबड थांबली. जाळे वर आले आणि निळ्या नांग्यांचे वीतभर झिंगे चिखलासकट काठावर उडू लागले. टोपल्या अपुऱ्या पडल्या. बायकांनी पदर पुढे केले. भाच्याने मला उचलण्याचा प्रयत्न केला. मी त्याला तसे करू दिले नाही.

सुनेने माझ्या अंगठ्याला चिंधी बांधली. “काच लागलीच ना?” ती म्हणाली.

“लागली.”

रीतीप्रमाणे पहिला वाटा पुढच्या घराला द्यायचा असतो. मी सर्वांत मोठा झिंगा निवडून मामेभावाच्या हातात ठेवला. झिंग्याने लगेच त्याचे बोट पकडले.

“दादा, हा सोडत नाही!”

“धरून उभा राहा,” मी म्हणालो आणि दोरी गुंडाळून खांद्यावर घेतली.