घोयऱ्याची शेपटी

आमच्या ह्यांना माणसांपेक्षा जनावरांची संगत जास्त आवडते, हे मला लग्नानंतर लवकरच कळून चुकलं. माझं सासर कर्जतला लागून दहिवलीला, भातशेतीचं घर. एका उन्हाळ्यात हे बांधावरून चक्क एक घोयरा उचलून घेऊन आले. घोयरा म्हणजे तो हिरवा सरडा, डुलत चालणारा आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. आमच्याकडे त्याला विषारी समजतात आणि दिसला की दगड घालतात. हाही दगडांतूनच वाचवून आणला होता. ह्यांनी त्याला परसातल्या डाळिंबावर ठेवला.

गावाने थट्टा केली नाही असं कसं होईल? 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण ह्यांच्याच नावावर खपू लागली, कारण शेतावरून आले की हे त्या झाडापाशी. मला आधी त्याची किळस होती. पण नवरा जिथे बसतो तिथे बायकोला दोन शब्द बोलायला मिळतात, म्हणून मीही निवडायचं सूप घेऊन तिथे बसू लागले.

"रंगाकडं बगू नको," हे म्हणायचे. "लोकं रंगाकडंच बगत्यात. गारठला तरी काळा पडतो, चिडला तरी काळाच. शेपटी बग. गुंडाळून बसला म्हंजे जीव थाऱ्यावर हाय. फांदीला इळखा घातला म्हंजे पडायचं भ्या. आन सरळ धरली, का त्याला कुटंतरी जायचंय."

हळूहळू मलाही ते दिसू लागलं. दुपारी ऊन अंगावर घेताना तो पानासारखा चपटा व्हायचा. मांजर आलं की गळा फुगवून फुस्स करायचा, पण शेपटी मात्र फांदीला घट्ट. सगळा आव वरवरचा. झोपताना तीच शेपटी चकलीसारखी वळलेली असे.

त्याच वर्षी मला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. माझं माहेर लोधिवलीला, आणि माझी आई गावची सुईण. दहिवलीची सुईण म्हातारी झाली होती, तिचे हात कापत. स्टेशनाकडे एक डॉक्टर बसे म्हणत, पण बाळंतपणाला पुरुष बोलावणं म्हणजे घराची अब्रू वेशीला टांगणं. त्यामुळे माझा सगळा भरवसा आईच्या हातावर होता. सातव्या महिन्यात वडील न्यायला येणार होते. तेवढ्यात ते हिवतापाने आडवे झाले. दिवाळीच्या सुमाराला, अंगात पुरतं बळ आलं नसताना ते गाडी घेऊन आले, तेव्हा मला आठवा लागला होता.

आठव्यात गरोदर बाईने गावाची शीव ओलांडायची नाही. सासूबाईंनी वडिलांना गूळपाणी दिलं, मानाने बसवलं आणि सांगितलं, "व्याही, आता नवव्यात या. आठव्यात मी तिला धाडायची नाय." वडील रिकामी गाडी घेऊन गेले. मी दाराआड उभी राहून पाहिलं. सासूबाईंचा इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तो गिळण्यावाचून इलाज नव्हता.

माझे पाय सुजून आले होते. डोकं दगड ठेवल्यासारखं जड, आणि अधूनमधून डोळ्यांपुढे अंधारी. ह्यांनी सासूबाईंच्या कानावर घातलं. "पयल्या खेपेला समद्यांचंच असं व्हतं," त्या म्हणाल्या. मला वाटत होतं की मी मरणार. पण हे सुनेने कुणाला सांगायचं?

घोयराही त्या दिवसांत बदलला. पोट फुगलं होतं. पावसाळाभर टोळ खाऊन माजलाय, असं सगळे हसून म्हणत. मग तो झाडावरून खाली उतरू लागला. मातीवर येऊन पुढचे पाय घासायचा. अंगणात कोंबड्या, दारात कुत्रं. जो पाही तो त्याला काठीवर घेऊन पुन्हा डाळिंबावर ठेवी. तो पुन्हा उतरे. शेवटी ह्यांनीच काळजीपोटी त्याच्या कमरेला सुताचा दोरा बांधला आणि फांदीला गाठ मारली.

मग त्याने टोळ खाणं सोडलं. दोरा ताणला जाईपर्यंत खाली यायचा आणि तिथेच थांबायचा, शेपटी मागे सरळ. मी ह्यांना म्हटलं, "तुम्हीच सांगितलं होतं ना? त्याला जायचंय. जाऊ द्या."

"खाली कुत्रं हाय गं," हे म्हणाले.

एका सकाळी तो दोऱ्याला लोंबकळत होता, मेलेला. हे शेतावर गेले होते, म्हणून सासूबाईंनी त्याला सोडवून घेतलं. उकिरड्यावर टाकायला निघाल्या आणि मध्येच थांबल्या. बोटं त्याच्या पोटावरून फिरत होती. सहा लेकरं व्यालेली बाई ती. हाताला कळायचं ते कळलं.

"ही मादी व्हती," त्या म्हणाल्या. "पोटात अंडी हायेत गं. जिमिनीत घालायला उतरत व्हती. आन आमी मेली काळजी करून वर ठेवत ऱ्हायलो."

त्या मागच्या पायरीवर बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. बोट लावून सूज दाबून पाहिली. खळगा तसाच राहिला. तेवढ्यात हे परतले.

"बैल जुप," सासूबाई ह्यांना म्हणाल्या. "हिला हिच्या आईकडं पोचव."

"आई, आठवा चाललाय."

"मला नको सांगू रं आठवा. जुप म्हन्ते ना!"

गाडीत पेंढ्यावर त्यांनी स्वतःची वाकळ अंथरली आणि गावाच्या शिवेपर्यंत गाडीबरोबर चालत आल्या. मी रडत होते, त्या नाही.

लोधिवलीला पोचल्यावर थोड्याच दिवसांत मला झटके आले आणि कळाही सुरू झाल्या. आईने मला कसं ओढून काढलं ते तिलाच ठाऊक. मुलगा झाला. त्याने एकदा हुंदका दिल्यासारखा आवाज केला, आणि गेला. त्याचं दुःख मला आजही आहे. ते जुनं होत नाही.

मी सासरी परतले तेव्हा आळीतल्या बायका जमल्या होत्या. एक मोठ्याने म्हणाली, "आठव्यात शीव वलांडल्यावर दुसरं काय व्हनार?"

सासूबाई भात पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्या उठल्या, चारचौघींत कुणी सासू धरत नसे तसा माझा हात धरला आणि म्हणाल्या, "नातू गेला माझा. पन ही बगा, सून परत आली."